रिकाम्या नळीचा आकडा

रोज सकाळी सर्वांत आधी मोजायची ती रिकामी नळी.

कुडाळ बाजारात एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमची रक्ततपासणीची लॅब आहे. तिच्या मागच्या बाजूला एक लहान खोली होती. दाराच्या उंबऱ्याशी जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली होती आणि दारावर तीन पात्यांच्या पंख्यासारखी किरणोत्सर्गाची खूण. माझी सगळी नोकरी त्या खोलीत झाली. आत एक यंत्र होतं, त्याला आम्ही नुसतं काउंटर म्हणायचो. जाड शिशाच्या भिंतीत विहिरीसारखा एक खळगा. त्यात बोटाएवढी प्लास्टिकची नळी सोडायची आणि बटण दाबायचं. मिनिटभर तांबडे आकडे धावत आणि थांबत. नळीतल्या थेंबभर रक्तद्रवातून किरणांचे किती ठोके येतात, ते यंत्र मोजायचं.

नळी रिकामी असली तरी आकडा यायचा. भिंतीच्या जांभ्या चिऱ्यातून, जमिनीतून, आभाळातून सगळीकडून थोडे थोडे किरण येतच असतात. साठीच्या आसपासचा तो आकडा आधी टिपायचा आणि दिवसभराच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. उरेल तो सिग्नल. आमचा सगळा धंदा त्या वजाबाकीवर चालायचा.

आता त्या खोलीत हातमोज्यांची आणि सुयांची खोकी ठेवतात. बाहेरच्या हॉलमध्ये आलेलं नवं यंत्र त्याच चाचण्या प्रकाशावर करतं. सकाळी रक्त दिलेल्या माणसाला दुपारच्या जेवणाआधी अहवाल मिळतो. त्याला किरणोत्सर्ग लागत नाही आणि रिकामी नळीही लागत नाही. काम चांगलं होतं, लवकर होतं, यात वाद नाही. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. वालावलच्या घरी सकाळचा कप विसळून ठेवला की हात अजूनही काहीतरी शोधतात.

लॅबमध्ये लागण्यापूर्वी मी सावंतवाडीच्या एका साप्ताहिकासाठी बातम्या लिहायचे. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवायची सवय तिथे लागली. खालचा मजकूर त्याच पद्धतीने लिहिते आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. माणसाच्या गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिचा स्राव रक्तात इतका कमी असतो की साध्या रसायनाने तो मोजता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेत तयार केलेल्या तशाच स्रावाला किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावतात. नळीत स्रावाला चिकटून बसायला मोजक्या जागा असतात. एसटीत जागा मोजक्या असतात तसंच हे. खुणेचे प्रवासी आणि रुग्णाच्या रक्तातले बिनखुणेचे प्रवासी एकदमच चढतात. रुग्णाचे प्रवासी जास्त असतील तर खुणेचे कमी बसतात. उरलेले ओतून टाकायचे आणि बसलेल्या खुणा मोजायच्या. खुणा कमी म्हणजे स्राव जास्त. खुणा जास्त म्हणजे स्राव कमी.

खुणेचं आयोडीन रोज थोडं थोडं विझत असतं. दोन महिन्यांत ते निम्म्यावर येतं. त्यामुळे मागवलेला डबा पडून राहून चालत नसे, आणि एकट्यादुकट्या नमुन्यासाठी उघडूनही परवडत नसे. पुरेसे नमुने जमले की बॅच लावायची. तोवर माणसं वाट बघत. ‘बॅच कधी लागतली?’ हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

डबा मुंबईहून विमानाने गोव्याला आणि तिथून गाडीने कुडाळला यायचा. मध्ये इन्सुलीचा तपासणी नाका. तिथे सगळ्या गाड्यांत शोधतात ती गोव्याची दारू. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ आणि बर्फात बाटल्या, म्हटल्यावर आमचा ड्रायव्हर दर खेपेला खाली उतरवला जाई. एकदा नाक्यावरच्या शिपायाने फोनवर मलाच विचारलं, “मॅडम, बाटल्या आहेत की नाहीत, तेवढं सांगा.” मी म्हटलं, “आहेत, पण प्यायच्या नाहीत.” तो म्हणाला, “सगळे असंच सांगतात.” मग त्याने तीन पात्यांची खूण पाहिली असावी. डबा लगेच सुटला आणि पुढच्या खेपेपासून ड्रायव्हरला कोणी जवळही बोलावलं नाही.

गावात यंत्राची बातमी पसरली तशी माणसं काहीबाही घेऊन येऊ लागली. देवगडकडचे एक बागायतदार दोन हापूस घेऊन आले. परदेशी जाणाऱ्या आंब्याला किरण दाखवतात असं त्यांनी ऐकलं होतं. त्यातलं आत काही उरतं का, हे त्यांना पाहायचं होतं. रस काढला, नळीत भरला, मोजला. आकडा रिकाम्या नळीचाच. त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे कायच नाय? एवढ्या लांबसून इलंय.” आंबे मात्र आम्हाला ठेवून गेले.

नसरीनची गोष्ट या सगळ्यात वेगळी.

भात पोटरीला आलं होतं तेव्हा सावंतवाडीच्या एका डॉक्टरांकडून तिचा नमुना आला. पंचविशीतली बाई, छातीत धडधड, एवढंच चिठ्ठीवर होतं. बॅच लावली. प्रत्येक बॅचमध्ये पहिली नळी अशी ठेवतात की जिच्यात स्राव अजिबात नाही. सगळ्या जागा खुणेच्या प्रवाशांना, म्हणून सर्वांत मोठा आकडा तिचा. कोणत्याही माणसाची नळी तिच्या वर जाऊ शकत नाही. नसरीनची गेली.

बसमध्ये आहेत त्यापेक्षा जास्त जागा भरल्या, असाच याचा अर्थ. मी पुन्हा लावून पाहिलं, तेच आलं. अशा वेळी करायची एक गोष्ट ठरलेली असते. रुग्णाचा नुसता रक्तद्रव, आपलं काहीही न घालता, कोऱ्या नळीत मोजायचा. तिथे रिकाम्या नळीचा आकडा यायला हवा. तांबडे आकडे धावू लागले आणि मिनिटभरात हजारांच्या वर गेले. सिग्नल आमच्या डब्यातून येत नव्हता. बाईच्या रक्तातूनच येत होता.

आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी अहवाल रोखला आणि तिला बोलावून घेतलं. उंच, सडसडीत मुलगी. बाकावर एक गरोदर बाई बसलेली पाहून ती आत न येता जिन्याच्या चौकातच उभी राहिली. डॉक्टरांनी विचारलं, “एवढ्यात कुठे काही औषध घेतलंत?”

“मुंबैक आयोडीनचा पाणी दिल्यानी,” ती म्हणाली. “गळ्यासाठी. नंतर चिठ्ठी दिल्यानी, लहान पोरापासून लांब ऱ्हवा. तीन आठवडे.”

“सावंतवाडीच्या डॉक्टरांना सांगितलं नाहीत?”

“त्येंनी विचारूकच नाय.”

थायरॉईड फार जोरात चालत असेल तर किरणोत्सर्गी आयोडीन पाजतात. ते गळ्यात जाऊन बसतं आणि ग्रंथी शांत करतं. त्याने माणूस बरा होतो. मात्र काही दिवस त्याच्या अंगातून किरण बाहेर येत राहतात, म्हणून लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही. टेबलावर आयोडीन सांडलंय का ते तपासायचं हातातलं यंत्र आमच्याकडे होतं, त्याला सगळे टकटक्या म्हणत. मी तो तिच्या गळ्याजवळ धरला. भुईमूग भाजताना तडतडतो तसा तो वाजू लागला. नसरीनने दोन्ही हात ओढणीखाली घेतले आणि विचारलं, “ह्या माझाच?”

तिचं सासर मालवणचं. माणसं सुक्या मासळीच्या धंद्यातली. नवरा कुवेतला. घरात सासू हमीदाबी आणि चार वर्षांची मुलगी आयशा. मुंबईहून परतताना नसरीन मालवणला गेलीच नाही. इन्सुलीला नाक्याजवळ भावाचं पंक्चरचं दुकान आहे, दुकानामागे खोली. तिथे राहिली. भाऊ एकटा, घरात मूल नाही. मुलीशी बोलणं फोनवर. टकटक्याची गंमत तिने त्याच दिवशी आमच्या जिन्यात उभं राहून फोनवर सांगितली. पलीकडे मुलगी खिदळत होती, ते मलाही ऐकू येत होतं.

तीन आठवडे झाले. मुंबईच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे ती मोकळी झाली. पण हमीदाबींनी फोनवर सांगितलं, कुडाळात मशीन आहे ना, मग मशीन नाही म्हणेपर्यंत तू तिथेच राहा.

आमच्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून समजावलं. धोका संपला आहे, सूनबाईंना बोलवा. हमीदाबींचं उत्तर मी स्पीकरवर ऐकलं. “डॉक्टर, तुमी बरे आसात. तुमी बरा बोलतात. पन मशीन कोणाच्या मनासारखा बोलणा नाय. तेका विचारा आणि माका सांगा.”

सासू दुष्ट होती असं कोणी समजू नये. आयशा सातव्या महिन्यात जन्मली होती. जगेल असं कोणी म्हटलं नव्हतं. हमीदाबींनी ती पोर कापसात गुंडाळून स्वतःच्या पोटाशी बांधली आणि तशीच घरातली कामं केली. हे मला नसरीनने सांगितलं, आणि वर म्हणाली, “तेंच्यामुळेच पोर आसा. मी कशी भांडू?”

मग दर आठवडा बाजाराच्या दिवशी नसरीन कुडाळला येऊ लागली. लघवीचा नमुना द्यायची. मी नळी भरून खळग्यात सोडायची. ती पिवळ्या पट्टीबाहेर उभी राहून आकडे बघायची.

“ताई, आकडो उतरलो?”

“उतरलो.”

“बरो उतरलो?”

“बरो उतरलो.”

खोलीतून निघणाऱ्याने हात धुवायचे आणि टकटक्यासमोर धरायचे हा आमचा नियम. ती खोलीत येत नसे, तरी जाताना हात धुवायची. दोन्ही पंजे उघडून टकटक्यासमोर धरायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची.

कुडाळ हे इन्सुली आणि मालवणच्या मधलं गाव. लॅबच्या खिडकीतून एसटी स्टँड दिसतं. काम झाल्यावर ती लगेच परत जात नसे. मालवणची गाडी लागायची तिथे बाकावर बसायची. गाडी लागली, भरली आणि वळून दिसेनाशी झाली की उठायची आणि इन्सुलीवरून बांद्याला जाणाऱ्या गाडीत चढायची. एकदा मालवणच्या गाडीच्या कंडक्टरने तिला हाक मारली, “येतंस काय गो? दर बाजाराक बघतंस नुसती.” ती हसली आणि मानेनेच नाही म्हणाली. एकदा ती मला म्हणाली, “पोरीन नवो खेळ काढलोहा. दादीच्या गळ्याक कान लावता आणि टकटक करता. म्हणता, दादी, तुझ्यात कायच नाय.”

हे सांगून ती हसली. मग बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

यंत्र चांगलं होतं, हीच अडचण होती. आयोडीन केव्हाच निरुपद्रवी झालं होतं. मुलीला मांडीवर घेऊन दिवसभर बसली असती तरी काही झालं नसतं. पण काउंटर बनवलेलाच होता तो नखाएवढं शोधण्यासाठी. दूर समुद्रात गेलेल्या होडीचा दिवा किनाऱ्यावरून दिसावा, तसा तो सिग्नल त्याला दिसत राहिला. आधी आकडा भरभर उतरला होता. मग रेंगाळला. भात कापून झालं, झोडून झालं, तरी रिकाम्या नळीपेक्षा थोडा वरच.

मालवणला फोनवर प्रश्न एकच. शून्य आलं का?

शेवटी मी नसरीनला सांगितलं, “शून्य येणार नाही.”

ती पट्टीच्या पुढे आली. तेवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. “माझा शून्य कधी येतलाच नाय?”

“कोणाचंच येत नाही. माझंही नाही.”

“पन मालवणात अम्मांका शून्य होया.” ती भिंतीला टेकली. “ताई, काल फोनवर पोर माका अम्मी म्हणाक नाय. ‘इन्सुलीची’ म्हणाली. दादीक विचारी होती, इन्सुलीची कधी येतली?”

मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, “सासूबाईंना बोलवा. आपण सांगून झालं. त्यांना बघू दे.”

पुढच्या बाजाराला हमीदाबी आल्या. बुटक्या, रुंद बांध्याच्या, डोक्यावरून घट्ट ओढणी. हातातल्या पिशवीला सुक्या सोड्यांचा वास. सुनेकडे त्यांनी पाहिलं, पण जवळ गेल्या नाहीत. मधे एक खुर्ची सोडून बसल्या. नसरीनने सलाम केला, त्यांनी मान हलवली. “सुकलंस,” एवढंच म्हणाल्या.

मी कार्यालयातलं मराठी बोलू लागले. त्यांनी हात वर केला. “बाय, तू खंयची?”

“वालावलची.”

“मगे तशी बोल.”

मी रिकामी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, उलटी केली, फुंकर मारली. मग मी ती खळग्यात सोडली. आकडे धावले आणि थांबले.

“ह्यात काय घातलंस?”

“कायच नाय, चाची. तुमीच बघितलास.”

“मगे ह्यो आकडो खंयसून इलो?”

“ह्या भिंतीतसून. चिऱ्यातसून. वरसून, आभाळातसून. सगळीकडे थोडा थोडा आसता.”

“चिऱ्यात?” त्या भिंतीकडे बघू लागल्या. “माझा सगळा घर चिऱ्याचा. पोर थंयच वाढली.”

“सगळ्यांचीच पोरां वाढली.”

मग नसरीनची नळी सोडली. आकडा थांबला तो रिकाम्या नळीच्या अगदी शेजारी. नसरीनचं लक्ष आकड्याकडे नव्हतं. ती सासूच्या तोंडाकडे बघत होती. हमीदाबींनी दोन्ही आकडे तोंडातल्या तोंडात म्हटले. “हिचो जास्त आसा.”

“दोनान.”

“जास्त तो जास्तच.”

डॉक्टर दाराशी उभे होते. मग हमीदाबी उठल्या. “माझा बघ.”

“तुमचा?”

“माझा बघ, म्हणतंय ना. बाटली दी.”

त्या गेल्या आणि आल्या. बाटली ओढणीखाली धरून आणली आणि माझ्या हातात देताना दुसरीकडे पाहिलं. मी नळी भरली, सोडली. आकडे धावले. आकडा मी वाचून दाखवणार नव्हते. त्यांनीच वाचला. मग वाकून पुन्हा वाचला.

त्यांचा आकडा नसरीनपेक्षा तीनने जास्त होता.

“मशीन बिघाडला,” त्या म्हणाल्या.

मी तिन्ही नळ्या पुन्हा मोजल्या. या वेळी रिकामी नळी सगळ्यांत वर आली. पुन्हा मोजल्या, तेव्हा नसरीन. हे असंच चालायचं. ठोके एकसारखे पडत नाहीत. दोन मिनिटं घेतली तर दोन आकडे येतात. आम्हाला त्याची इतकी सवय होती की ते कोणाला सांगावं लागेल हेच कधी सुचलं नव्हतं. हमीदाबी मात्र प्रत्येक आकड्याला मान हलवत होत्या. जत्रेत चक्र फिरताना माणसं बघतात तशा बघत होत्या.

शेवटी त्या खुर्चीत बसल्या. “म्हणजे माझ्यात आसा, हिच्यात आसा, ह्या रिकाम्यात आसा.”

“होय.”

“आणि पोर माझ्या कुशीत निजली. इतके दिवस.”

“होय, चाची.”

“आणि ही थंय पंक्चरच्या दुकानात.”

त्यांनी ओढणीच्या टोकाने नाक पुसलं आणि मग सुनेकडे न बघता, पिशवी आवरता आवरता म्हणाल्या, “पोर खाली आसा.”

नसरीनला कळलं नाही. “खंय?”

“खाली गो. औषधाच्या दुकानात बसवन इलंय. कोणाकडे ठेवची? मशीन होय म्हणाला असता तर तुका न दाखवता तशीच परत नेली असती.” त्यांनी पिशवीचा बंद ओढला. “फ्रॉक तू शिवल्लो तोच घातलंय.”

म्हणजे इतका वेळ, आम्ही वर नळ्या मोजत होतो तेव्हा, मुलगी आमच्या पायांखालच्या मजल्यावर होती.

नसरीन जिन्याकडे धावेल असं मला वाटलं होतं. ती धावली नाही. वळली आणि बेसिनकडे गेली. हात धुतले. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. पुन्हा साबण लावला. मग सवयीने दोन्ही पंजे टकटक्यासमोर धरले. तो नेहमीसारखा, थांबून थांबून, टेबलापुढे वाजायचा तसा वाजला. तिने तरी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

“झाला काय गो तुझा?” हमीदाबी जिन्यातून ओरडल्या. “पोर पेंगतली थंय.”

त्या दोघी उतरल्या. मी खाली गेले नाही. तिन्ही नळ्या खळग्याशेजारी होत्या, त्या टाकून टेबल पुसायचं होतं. पुसता पुसता खिडकीशी आले तेव्हा त्या दुकानाच्या पायरीवर दिसल्या. मुलगी जागी होती. नसरीनने तिला कडेवर घेतलं होतं आणि ती आईच्या खांद्यावर ताठ बसली होती, ओळखीचा अंदाज घेत असल्यासारखी. मग तिने आईची ओढणी बाजूला केली आणि गळ्याला कान लावला.

स्टँडवर मालवणची गाडी लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता. हमीदाबींनी पिशवी उचलली. “चला गो, गाडी जातली. काय म्हणता तुझा मशीन?”

मुलीने कान काढला नाही. एक हात वर करून दादीला थांबवलं.

“गप ऱ्हव, दादी. मोजतंय.”